न्हाणीघरातील बंब आणि सौर जलतापक

इंदूर-ग्वाल्हेरकडील जुन्या मराठी घरांतून न्हाणीघरात तांब्याचा बंब असे. मधल्या नळीत लाकूड वा कोळसा पेटवावा आणि भोवतालचे पाणी तापावे, अशी त्याची रचना. परंतु बरीचशी उष्णता धुराबरोबर निघून जाते; आतून क्षार साचलेला बंब तर अधिकच सरपण खातो. शिवाय कोंडलेल्या न्हाणीघरात कोळशाचा बंब काय किंवा गॅसचा तापक काय, दोहोंपासून कार्बन मोनॉक्साइड हा वासहीन विषारी वायू साचून प्राणहानी होऊ शकते.

जुना बंब बदलताना विजेचा हिशेबही पाहावा. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापविण्यास सुमारे एक किलोकॅलरी उष्णता लागते. विजेच्या एका युनिटातून सुमारे ८६० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे १०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास सुमारे ४.७ युनिटे खर्ची पडतात.

हेच काम निरभ्र दिवशी गच्चीवरील सुमारे दोन चौरस मीटरचा सौर जलतापक इंधनावाचून करतो. तापलेले पाणी हलके होऊन वरच्या टाकीत चढते व थंड पाणी खाली उतरते. त्यामुळे लहान संचास पंप लागत नाही. संचाचे तोंड दक्षिणेस असावे, त्यावर सावली पडू नये. पाणी जड असल्यास नळ्यांतील क्षार वेळोवेळी काढावेत. ढगाळ दिवसांसाठी विजेची जोड ठेवावी. प्रारंभीचा खर्च अधिक असला, तरी रोजच्या बचतीतून तो क्रमशः भरून निघतो आणि न्हाणीघरही धूरमुक्त राहते.