चिखलीची पाटी वाचताना

गावाचे नाव वाचायला मुलाला काय अवघड, असे आपल्याला वाटते. पण बसवरची ‘चिखली’ ही पाटी पहिलीतल्या मुलाच्या डोळ्यांनी पाहा. पहिली वेलांटी डोळ्यांना ‘च’च्या आधी भेटते, उच्चारायची मात्र नंतर. ‘ली’ची वेलांटी पुन्हा पलीकडे. त्यात ‘चिखली’तला ‘च’ निराळा आणि शेजारच्या ‘चाकण’मधला निराळा! इतके कोडे सोडवणाऱ्या पोराला आपण ‘ढ’ म्हणतो.

१९९७ साली चिखली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. कारखान्यांमागून मराठवाड्याची, खानदेशाची, उत्तर प्रदेशाची कुटुंबे आली. ज्याच्या घरात अहिराणी किंवा भोजपुरी बोलतात, त्याला अक्षरही नवे आणि शब्दही. ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत घोकून त्याच्या हाती एकही शब्द लागत नाही. त्यापेक्षा ‘क, म, ल’ आणि काना एवढेच आधी द्या. ‘काम’, ‘कमल’, ‘मला’, ‘काल’ लगेच वाचता येतात. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेत वाचनाला अर्थाची जोड देण्यावर अनेक वर्षे काम केले, ते याचसाठी.

आणि घरी? शिफ्टवरून दमून आलेल्या वडिलांनी शिकवणी घ्यावी, असे कोण म्हणेल? आईला वाचता येत नसेल, तरी गोष्ट सांगता येतेच, अगदी स्वतःच्या बोलीत. मुलाने सांगितलेले एक वाक्य मोठ्या भावंडाने मोठ्या अक्षरांत लिहावे आणि त्यानेच ते बोट ठेवून वाचावे. अडला, तर लगेच सांगू नका. दहापर्यंत मनात मोजा.