कान यंत्राचे, भान माणसाचे

बत्तीस वर्षे मी मुंबईत लघुलेखकाची नोकरी केली. साहेबांनी सांगावे, मी वहीत रेघोट्या ओढाव्यात आणि मग त्या टंकयंत्रावर उतरवाव्यात, असा तो व्यवसाय. निवृत्त होऊन पनवेलला आलो तेव्हा वाटले, सुटलो बुवा एकदाचा! पण नशिबात दुसरी नोकरी होती, आणि तीही सूनबाईच्या हाताखाली.

आमची सूनबाई मुंबईच्या एका कचेरीतर्फे ग्राहकांच्या पत्रांना मराठीतून उत्तरे देते. २०२० च्या टाळेबंदीपासून ती घरूनच काम करते. कचेरीचा संगणक मुंबईत. आमच्या पडद्यावर दिसते ते त्याचे नुसते चित्र. इथे कळ दाबावी, अक्षर तिकडे उमटावे! सारे सुरळीत होते. पण गेल्या वर्षी तिची मनगटे दुखू लागली, बोटांना मुंग्या येऊ लागल्या. डॉक्टरांनी बजावले, "टंकन बंद." टंकन बंद म्हणजे नोकरी बंद, घराचे हप्ते मात्र चालूच.

चिरंजीव म्हणाले, "तू बोल, यंत्र लिहील." २०१७ साली गूगलच्या श्रुतलेखनात मराठी आली, तेव्हापासून साध्या फोनलाही आपली भाषा उतरवून घेता येते. यंत्र आवाजाचे बारीक तुकडे पाडते आणि मागचे-पुढचे शब्द पाहून, हा शब्द कोणता असावा, याचा अंदाज बांधते. अंदाज! हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा.

पहिल्या दिवशी सूनबाई थेट मुंबईच्या खिडकीतच बोलू लागली. कुठे काना गळाला, कुठे अख्खा शब्द. त्या खिडकीला एकेका कळीची सवय. बोललेले वाक्य एकदम येऊन आदळले की ती गोंधळते. बरे, आवाजच मुंबईला पाठवावा, तर तो वाटेत तुटतो. शेवटी चिरंजीवांनीच तोड काढली. बोलायचे ते घरच्या संगणकावर, कोऱ्या पानावर, नीट तपासायचे, मग तो मजकूर उचलून मुंबईच्या खिडकीत ठेवायचा. त्यासाठी कचेरीची रीतसर परवानगी घेतली. अशा पुष्कळ सोयींमध्ये आपला आवाज दूरच्या कुठल्यातरी संगणकावर जाऊन मग त्याची अक्षरे होतात. म्हणून ग्राहकाचे नाव आणि खातेक्रमांक ती तोंडाने उच्चारीत नाही, दोन बोटांनी हळूच भरते.

गंमतीही झाल्या. 'महिला दिन' हा 'महिला दीन' झाला. ऱ्हस्व-दीर्घ काही कानाला कळत नाही. एकदा खालून भंगारवाला ओरडत गेला, तो सरळ पत्राच्या मायन्यात जाऊन बसला. आम्ही पोट धरून हसलो.

पण एका सकाळी हसू आले नाही. मी शेजारी वर्तमानपत्र वाचीत होतो. सूनबाईने सांगितले, "आपणांस सव्वा लाख रुपये देय आहेत." सहज पडद्याकडे पाहिले, तर तिथे 'सहा लाख'! जुन्या सवयीने मी विचारले, "सव्वा की सहा?" तिचा चेहरा पांढराफटक पडला. अक्षरे कशी स्वच्छ होती, कुठे खाडाखोड नाही, शंकेची खूण नाही. चुकीचे लिहितानाही यंत्राचा हात कापत नाही. साहेब पुटपुटले की मी विचारीत असे. हे विचारीत नाही.

सांगणारा एक आणि लिहिणारा दुसरा, ही आपल्याकडची फार जुनी जोडी. ज्ञानेश्वरांची ज्ञानेश्वरी सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. आमच्या शेजारच्या पेण तालुक्यातील गागोद्याचे विनोबा १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलले. साने गुरुजींनी ते टिपून घेतले, म्हणून 'गीता प्रवचने' आपल्या हाती आली. हे लेखक नुसते कान नव्हते. ऐकलेले त्यांना उमगत होते.

महाभारत लिहायला बसताना गणपतीने अट घातली म्हणतात, की लेखणी थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली, की अर्थ कळल्यावाचून लिहायचे नाही. यंत्राने पहिली अट उत्तम पाळली आहे. सूनबाईच्या मनगटांना विसावा मिळाला, नोकरी टिकली, याबद्दल त्याचे उपकारच मानायचे. दुसरी अट पाळण्यासाठी मात्र मी रोज सकाळी दहाला चष्मा पुसून तिच्या शेजारी हजर असतो. पगार म्हणाल, तर दोन वेळचा चहा!