आधी तपासणी कोणाची?

मित्रांनो, कोरोना आला तेव्हा आपण अंगणवाडीत होतो. म्हणून आपल्याला फारसे आठवत नाही. मी आजीला, आशाताईंना आणि गुरुजींना विचारून ही माहिती लिहिली आहे.

कोरोना हा विषाणूमुळे होणारा रोग आहे. मार्च २०२० मध्ये तो आपल्या जिल्ह्यात आला. तेव्हा जिल्ह्याचे नाव अहमदनगर होते, आता अहिल्यानगर आहे. रोग झाला की नाही हे नुसते बघून कळत नाही. काडीने नाकातला व घशातला नमुना घेतात आणि तो थंड डब्यात घालून प्रयोगशाळेत पाठवतात. सुरुवातीला आपल्याकडचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत जात. माणसे पुष्कळ आणि तपासण्या थोड्या. मग आधी कोणाची करायची?

आमचे आजोबा म्हणतात, "रांगेत जो पहिला, त्याचा नंबर पहिला." उन्हाळ्यात पाण्याचा टँकर येतो तेव्हा तसेच करतात. पण समजा, टँकर उभा आहे आणि कोणाची कडब्याची गंज पेटली. मग पाणी आधी तिकडे नेतात. तेव्हा कोणी हंडा पुढे करत नाही. रोगाचेही तसेच आहे.

यासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नियम केले होते. मार्च २०२० मध्ये पुढील लोकांची तपासणी आधी होई.

१) परदेशातून येऊन १४ दिवस झाले नाहीत आणि ताप, खोकला किंवा दम लागतो असे लोक.
२) रोग्याच्या सहवासात येऊन आजारी पडलेले लोक.
३) रोग्यांची सेवा करताना आजारी पडलेले डॉक्टर व नर्स.
४) श्वासाचा फार त्रास होऊन दवाखान्यात दाखल झालेले रोगी.
५) रोग्याच्या अगदी जवळ राहिलेले लोक, त्यांना काही होत नसले तरी. त्यांची तपासणी ५ व्या ते १४ व्या दिवसात एकदा करत. मे महिन्यात ती ५ व्या ते १० व्या दिवसात करायचे ठरले.

पहिल्याच दिवशी का नाही? कारण विषाणू शरीरात वाढायला काही दिवस लागतात. फार लवकर तपासले तर तो सापडत नाही, आणि माणूस बिनधास्त गावभर हिंडतो.

मे २०२० मध्ये आमचे मोठे चुलते मुंबईहून आले. त्यांना रोग निघाला. आजोबा त्यांच्या शेजारी जेवले होते. आजोबांना साखरेचा आजार आहे. ते म्हणाले, "मला काय धाड भरलीय? खोकणाऱ्यांना आधी न्या." पण आशाताईंनी त्यांनाच नेले. त्यांना रोग निघाला, पण वेळेवर कळला म्हणून ते बरे होऊन आले. गल्लीतल्या एका काकूंनी चुलत्यांना फक्त लांबून पाहिले होते. त्यांना थांबायला सांगितले. त्यांना राग आला. भीती वाटल्यावर राग येणारच. पण आशाताई त्यांच्या दारी रोज जाऊन ताप आहे का, ते विचारत होत्या. थांबायला सांगितले म्हंजे सोडून दिले असे नाही.

औषधोपचाराचेही नियम होते. बोटाला चिमट्यासारखे यंत्र लावून रक्तातला ऑक्सिजन मोजत. ९४ किंवा जास्त असला आणि दम लागत नसला तर घरीच वेगळे राहायचे. ९० ते ९३ असला तर दवाखान्यात दाखल करायचे. ९० च्या खाली गेला तर अतिदक्षता विभागात ठेवायचे. म्हणजे खाट आधी कोणाला, हे श्रीमंती बघून नाही तर आकडा आणि त्रास बघून ठरवायचे होते.

नियम बदलतही होते. बऱ्या झालेल्या माणसाचा प्लाझ्मा रोग्याला देत असत. मग ३९ दवाखान्यांतल्या ४६४ रोग्यांवर पाहणी केली. त्यात फारसा उपयोग दिसला नाही. मे २०२१ मध्ये तो उपचार नियमांतून काढला. गुरुजी म्हणतात, नवे कळले की जुने सोडणे हेच शास्त्र.

आपल्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने २०२१ मध्ये घरोघर चौकशी केली. ज्याला त्रास वाटला त्याची लगेच तपासणी केली आणि त्याला वेगळे ठेवले. मे महिन्यात ते गाव कोरोनामुक्त झाले.

मुलांनो, पुन्हा कधी साथ आली तर आपला नंबर मागे का, म्हणून भांडू नका. पण नियम काय आहे ते जरूर विचारा. नियम सगळ्यांना सारखा असला आणि सगळ्यांना सांगितलेला असला, तर थांबणे जड जात नाही.

– इयत्ता ४ थी, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा