कोवळ्या वयातील पायरिया

हिरड्यांवर बोलायला कामगार संघटनेचा माणूस का उभा राहिला, अशी शंका कोणाला तरी येणारच. वस्तीतून हिंडताना पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचा पुढचा दात हलू लागलेला दिसला, की ‘आळशी, घासत नसेल’ हा निकाल आम्ही पुष्कळदा ऐकतो. काही मुलांच्या बाबतीत तो साफ चुकीचा असतो, आणि त्यापायी उपचाराची वेळ टळून जाते. म्हणून हा खटाटोप.

तोंडात जंतू असणे यात लाजण्यासारखे काही नाही. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी लेवेनहुक याने १६८३ साली आपल्याच दातांवरचे कीटण भिंगाखाली धरले, तो त्यात वळवळणारे जीव! आणि हा गृहस्थ दात मिठाने घाशीत असे. (तोही विद्यापीठाची पायरी न चढलेला, हे सांगितल्यावाचून आम्हांला राहवत नाही.) कीटण साचले की हिरडी सुजते, रक्त येते; नीट घासू लागले की ती बहुधा पूर्ववत होते. हा नेहमीचा प्रकार.

दुसरा प्रकार दगाबाज आहे. वयात येण्याच्या सुमारास पहिल्या पक्क्या दाढा आणि पुढचे दात यांच्या मुळांभोवतीचे हाड झिजू लागते. कीटण बेताचे, हिरडी वरून बरी, दुखणे जवळजवळ नाही. या रोगात ज्या जंतूवर मुख्य संशय आहे त्याचे नाव ॲग्रिगेटिबॅक्टर ॲक्टिनोमायसेटेमकोमिटन्स. सभेत उच्चारताना दम लागतो! रक्तातील पांढऱ्या पेशी हे शरीराचे पहारेकरी. हा जंतू त्या पहारेकऱ्यांनाच मारणारे विष तयार करतो. त्याच्या जेपी-२ नावाच्या वाणात आनुवंशिक मजकुरातला ५३० अक्षरांचा तुकडा गळालेला आहे. त्यामुळे, इंजिनाचा गव्हर्नर काढल्यासारखे होऊन, विष कितीतरी पटींनी अधिक निघते.

याचा पडताळा मोरोक्कोतील रबात येथे मिळाला. सरकारी शाळांतील, हिरड्या निरोगी असलेल्या ६२१ मुलामुलींपैकी ४२८ जण दोन वर्षांनी पुन्हा तपासले गेले. हा जंतू मुळीच नसलेल्यांच्या तुलनेत, केवळ जेपी-२ बाळगणाऱ्यांना दातांचा आधार सुटण्याचा धोका १८ पट आढळला. इतर वाणवाल्यांना ३ पट. २००८ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. घासणे सगळ्यांनाच हवे, परंतु एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या वाट्याला येणारा धोका सारखा नसतो, हे यावरून उघड होते.

जेपी-२ मुख्यतः उत्तर व पश्चिम आफ्रिकेशी नाते असलेल्या लोकांत सापडतो. तेव्हा आपल्याकडचा प्रत्येक हलता दात त्याच्या माथी मारू नये. कोवळ्या वयातला हा रोग मात्र आपल्याकडेही होतो. त्यात घराघरांतली मिसरी. तंबाखू हिरडीला अपाय करतेच, शिवाय रक्त येणे दडपून धोक्याची खूणच झाकून टाकते.

दंतवैद्य बारीक सळईने हिरडीची खोली मिलिमीटरमध्ये मोजतो आणि क्ष-किरणात हाड पाहतो. ही मोजणी पालकांनी मागून घ्यावी. नुसता आरसा फिरवल्याने भागत नाही. रोग लवकर सापडल्यास मुळांपर्यंत साफसफाई आणि दंतवैद्याने ठरवून दिलेली जंतुनाशक औषधे यांनी दात बहुधा वाचतात. एका मुलाला तो निघाला तर त्याच्या भावंडांनाही त्याच आठवड्यात तपासून घ्यावे, कारण हे जंतू लाळेवाटे घरातल्या घरात पसरतात.