पूल येईल, सायकलीने जायचे कोठून?

राजपुरीच्या खाडीच्या उत्तर तीरावर आगरदांडा आणि दक्षिण तीरावर दिघी. मध्ये खारे पाणी आणि पश्चिमेस, खाडीच्या मुखापाशी, जंजिऱ्याची काळी तटबंदी. या दोन तीरांची गाठ आजवर फेरीबोटीने घालून दिली आहे. तीवर मोटारी चढतात, मोटारसायकली चढतात, मासळीची पाटी घेतलेली कोळीण चढते आणि सायकलही चढते. अलीकडे सुटीच्या दिवशी मुंबई-पुण्याकडील सायकलस्वारांचे घोळकेही या बोटीवर दिसू लागले आहेत. दिघीच्या धक्क्यावर उतरून ते बोर्ली पंचतनमार्गे दिवेआगरकडे, आणि तेथून किनाऱ्याकिनाऱ्याने श्रीवर्धन, हरिहरेश्वर आणि बागमांडल्यापर्यंत जातात. बागमांडल्याला पुन्हा बोट असते. सावित्रीची खाडी ओलांडली, की पलीकडे वेशवी आणि रत्नागिरी जिल्हा.

हा रस्ता सायकलस्वाराला का आवडावा, याचे उत्तर भूगोलात आहे. सह्याद्रीचे फाटे येथे थेट समुद्रापर्यंत पोहोचतात. दोन फाट्यांच्या मधल्या बेचक्यात एक पुळण, पुळणीमागे नारळी-पोफळीची वाडी आणि वाडीच्या आडोशाला गाव, अशी या किनाऱ्याची ठेवण आहे. एका गावातून दुसऱ्या गावात जायचे, तर मधला डोंगर चढून उतरावाच लागतो. चढ दमवणारे खरे, परंतु लांबलचक नव्हेत. छाती भरून येते न येते तोच खिंड लागते आणि पुढे समुद्र उघडा होतो. दिवेआगरहून भरडखोल, शेखाडी, आरावी अशी गावे घेत श्रीवर्धनला जाणारा रस्ता तर कित्येक ठिकाणी लाटांच्या अगदी कडेने जातो. पुण्याच्या सायकलस्वारांना सिंहगडाच्या वा बोपदेव घाटाच्या चढाचे जसे कौतुक, तसेच या वाटेचे व्हावे, इतकी तिची योग्यता निश्चित आहे.

परंतु हा लेख सहलीच्या वर्णनासाठी नाही. या वाटेचे रूप आता पालटणार आहे आणि त्या पालटात सायकलीचे स्थान काय, हा प्रश्न वेळीच विचारला गेला पाहिजे.

रेवसपासून रेडीपर्यंत कोकणचा सारा किनारा जोडणाऱ्या सुमारे पाचशे किलोमीटरच्या सागरी महामार्गाची कल्पना जुनी आहे. याच श्रीवर्धन मतदारसंघाचे प्रतिनिधित्व केलेले बॅ. अ. र. अंतुले 1980 ते 1982 या काळात मुख्यमंत्री होते. त्यांच्या नावाशी ही कल्पना निगडित आहे. ती आता मार्गी लागत आहे आणि आगरदांडा व दिघी यांना जोडणारा पूल हा तिचाच एक भाग आहे. दुसरीकडे दिघी बंदर 2021 मध्ये अदानी समूहाकडे गेले. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ज्या बारा औद्योगिक नगरांना मंजुरी दिली, त्यांतही दिघीचे नाव आहे. बंदर वाढले, की म्हसळा-माणगावच्या रस्त्यावर मालमोटारी वाढणार. पूल झाला, की मोटारींचा ओघ वाढणार. या विकासाला कोणी विरोध करावा, असे आमचे म्हणणे नाही. अर्ध्या रात्री आजारी माणसाला पैलतीरी न्यावयाचे असते, तेव्हा पुलाचे मोल काय असते, हे खाडीकाठच्या माणसाला शहरातल्या माणसाने शिकवू नये.

प्रश्न वेगळाच आहे. आज बोटीवर सायकलीला जागा आहे. उद्या पुलावर ती असेल काय?

ही शंका निराधार नाही. वांद्रे-वरळी सागरी सेतू 2009 मध्ये खुला झाला. त्यावर सायकलीला बंदी आहे. शिवडीहून न्हावाशेव्याकडे येणारा, म्हणजे याच रायगड जिल्ह्यात उतरणारा, सुमारे 22 किलोमीटरचा अटल सेतू जानेवारी 2024 मध्ये वाहतुकीस खुला झाला. त्यावरही सायकल, मोटारसायकल आणि रिक्षा यांना मज्जाव आहे. भरधाव वाहनांमध्ये सायकलस्वाराला धोका आहे, हे त्याचे कारण सांगितले जाते आणि ते खोटे नाही. पण धोका आहे म्हणून दुबळ्याला रस्त्याबाहेर काढायचे, की त्याच्यापुरती वाट राखायची, हा निर्णय पूल बांधून झाल्यावर घेताच येत नाही. तो आराखड्याच्या कागदावरच घ्यावा लागतो. दिघीच्या पुलावर अशी वाट ठेवली नाही आणि प्रवासी घटले म्हणून उद्या बोटही बंद पडली, तर सायकलवाल्याला तळा-म्हसळ्याकडून खाडीला वळसा घालीत दिवस घालवावा लागेल. ज्या पुलाने दोन तीर जवळ आणायचे, त्यानेच काही माणसांपुरते ते दूर नेले, असा विपरीत प्रकार होईल.

यावर हमखास विचारले जाते, की असे सायकलवाले आहेत तरी किती? या प्रश्नाला शास्त्राचा आधारही मिळतो. भारतीय रस्ते काँग्रेसने 1962 साली सायकलमार्गांविषयी जी नियमावली केली, तिच्यात गर्दीच्या तासाला 400 सायकली जात असतील तर स्वतंत्र मार्ग करावा, आणि मोटारी तासाला 200 हून अधिक असतील तर 100 सायकलीही पुरेशा मानाव्यात, असा दंडक होता. पुण्यासारख्या तेव्हाच्या सायकलींच्या शहराला तो लागू पडला असता. दिघीच्या रस्त्यावर तासाला शंभर सायकली कोठून येणार? नियमावलीची सुधारित आवृत्ती 2015 मध्ये निघाली, पण मोजून मग देण्याची वृत्ती आपल्याकडे अजून गेलेली नाही. या मोजणीत एक मूलभूत चूक आहे. नदीवर पूल हवा की नको, हे पोहून जाणाऱ्यांची संख्या मोजून कोणी ठरवीत नाही. तसेच भीतीपोटी जे सायकलीवर बसतच नाहीत, त्यांची गणती रस्त्याच्या कडेला उभे राहून होत नसते.

ते कोण आहेत, हे सांगणे कठीण नाही. बोर्लीच्या वा श्रीवर्धनच्या शाळेत वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्या मुलामुलींचा विचार करावा. मोटार चालविण्यास कायद्याने अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. तोवर स्वतःच्या मर्जीने चालवता येईल, असे एकच वाहन त्यांच्यापाशी आहे आणि ते म्हणजे सायकल. एस. टी. चुकली तर चालत जाणे किंवा शाळा बुडवणे, एवढेच पर्याय उरतात, आणि दुसरा पर्याय बहुधा मुलींच्या वाट्याला येतो. बिहारने 2006 मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली देण्याची योजना आखली. तिचा पुढे अभ्यास झाला तेव्हा माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचे प्रमाण जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने वाढल्याचे आढळले. शाळा दूर असलेल्या गावांत हा परिणाम विशेष दिसला. मात्र सायकल देता येते, तसा निर्भय रस्ता वाटता येत नाही. तो बांधावाच लागतो. देशात 2022 मध्ये रस्त्यांवरील अपघातांत 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत साडेचार हजारांवर सायकलस्वार होते. मुलीच्या हाती सायकल द्यावी की नाही, याचा विचार करणाऱ्या आईबापांना ही आकडेवारी पाठ नसली, तरी तिचा अर्थ पुरता ठाऊक असतो.

सायकलींचा देश म्हणून आज हॉलंडचे नाव घेतले जाते, पण तो देशही जन्मतः तसा नव्हता. 1971 साली तेथे रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे दगावली आणि त्यांत चारशेहून अधिक बालके होती. पालक रस्त्यावर उतरले. पाठोपाठ 1973 चे तेलसंकट आले आणि सरकारचे डोळे उघडले. तेथील सायकलमार्ग ही सपाट भूमीची देणगी नव्हे. लोकांच्या हट्टाचे ते फळ आहे. आपल्याकडे चढ आहेत आणि तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस आहे, हे मान्य. पण पाऊस सरल्यावर आठ महिने उरतात आणि सायकलस्वार चढाला भीत नाही. तो पाठीमागून येणाऱ्या मालमोटारीला भितो.

3 जून हा जागतिक सायकल दिन. 2020 साली त्याच दिवशी ॲटलस या जुन्या सायकल कंपनीचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला आणि त्याच दिवशी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्या आडव्या केल्या. तारखांचा हा योगायोग आहे, एवढेच. पण गरिबाची सायकल आणि रस्त्यावरची सावली या दोन्ही गोष्टी जाताना फारसा आवाज करीत नाहीत आणि परत आणावयाच्या म्हटल्या तर वर्षे लागतात. श्रीवर्धनी रोठा सुपारीची पोफळ पुन्हा फळावर येण्यास किती काळ लागतो, हे बागाईतदारास विचारावे.

म्हणून मागणे थोडेच आहे. पुलावर, कठड्याने मोटारींपासून वेगळी केलेली, पादचारी आणि सायकलस्वार यांना पुरेल अशी वाट असावी. रुंद होणाऱ्या रस्त्याला दोन्ही अंगांनी डांबरी बाजूपट्टी असावी, आणि गावाजवळच्या चढावर ती अरुंद करू नये, कारण चढावर सायकल डुलते आणि तेथेच जागा अधिक लागते. पूल सर्वांना खुला होईतो बोट चालू ठेवावी. एवढ्या मोठ्या खर्चात हा भाग नगण्य ठरेल. मागाहून करावयाचा म्हटल्यास तो परवडणार नाही. येणारा सायकलस्वार पाहुणा गावात मुक्काम करतो, घरगुती खानावळीत जेवतो आणि धूर मागे ठेवीत नाही, हा लाभ त्याखेरीज आहे.

परंतु खरा लाभ पाहुण्यांचा नव्हे. पैलतीरीच्या शाळेत वा महाविद्यालयात जाण्यास निघालेल्या मुलीला पुलाच्या तोंडाशी सायकलबंदीची पाटी दिसणार की वाट मोकळी मिळणार, यावर या पुलाची परीक्षा व्हावी. आराखडे अजून सुधारता येतात. काँक्रीट एकदा घट्ट झाले, की अर्जविनंत्यांनी ते हलत नाही.