एक लाख मैल धावलेली छोटी ‘स्पोर्ट’ गाडी घ्यावी का?

‘परदेशातला संसार’ या आपल्या नेहमीच्या गप्पांत आज विषय आहे गाडीचा.

इंग्लंडमधल्या एका ताईंनी विचारलंय: “मुलगी नर्स झाली, रात्रपाळीला जायला गाडी हवी. तिला सुझुकी स्विफ्ट स्पोर्ट आवडली आहे. एक २०१४ची, १ लाख १० हजार मैल झालेली, सगळ्या सर्व्हिसच्या पावत्या आहेत. दुसरी त्याच वर्षाची, फक्त ४८ हजार मैल, पण कागद एकही नाही. हे म्हणतात, कमी मैलांचीच घे. काय करावं?”

स्विफ्ट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मारुतीची येते. भारतात ती २००५ साली आली, आणि तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी असेलही. पण स्विफ्ट स्पोर्ट हे तिचं तापट भावंड, भारतात कधी विकायला आलंच नाही. इथे २०१२ ते २०१७ या काळात विकल्या गेलेल्या स्पोर्टमध्ये १.६ लिटरचं, १३६ अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन आणि सहा गिअर आहेत. टर्बो नाही. इंजिन आपला पूर्ण जोर मिनिटाला ६,९०० फेऱ्यांवर देतं. म्हणजे ज्याने ही गाडी हौसेने घेतली, त्याने ती पळवलेली असणार, हे धरूनच चालायचं.

मग १ लाख १० हजार मैल, म्हणजे जवळपास पावणेदोन लाख किलोमीटर, हे जास्त झाले का? नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. इंजिनाची झीज सगळ्यात जास्त होते ती थंड असताना. मोटरवेवर रोज चाळीस मैल जाणारी गाडी एकदा तापते आणि निवांत धावते. शाळा, दुकान, घर अशा दोन-दोन मैलांच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीचं तेल नीट तापतच नाही. त्यात ओलावा आणि पेट्रोल साठत राहतं. मैल कमी दिसतात, पण आतून हाल झालेले असतात.

दुसरी गोष्ट टायमिंगची. काही गाड्यांत रबरी पट्टा असतो. तो मैलांबरोबर वयानेही म्हातारा होतो, म्हणून ठरल्या मुदतीत बदलावा लागतो. तो धावत्या गाडीत तुटला, तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिनच जातं. या स्विफ्टमध्ये पट्टा नाही, साखळी आहे. ती बदलायची ठरावीक मुदत नसते, पण तिचं आयुष्य तेलावर अवलंबून असतं. तेल वेळेवर बदललं नाही किंवा पातळी खाली गेली, की साखळी सैल पडते. म्हणूनच तेल बदलल्याच्या पावत्या मैलांच्या आकड्यापेक्षा मोलाच्या!

आता पाहायला जाल तेव्हा काय कराल?

घरूनच सुरुवात करा. सरकारच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की एमओटीचा इतिहास फुकट दिसतो. दर वर्षीचे मैल पाहा. आकडा मध्येच खाली आला असेल, तर मीटर मागे फिरवल्याची शंका घ्या. ४८ हजारवाल्या गाडीचं हे आधी तपासा. ‘गंज’ हा शब्द वर्षानुवर्षं येतोय का, तेही बघा. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते खालून गाडी खातं. आणि लक्षात ठेवा, एमओटीमध्ये इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्सची अवस्था तपासत नाहीत. एमओटी पास म्हणजे गाडी धडधाकट, असा अर्थ नाही.

गेल्यावर आधी बोनेटला हात लावा. गरम लागलं, तर कुणीतरी आधीच चालू करून ठेवलीय. थंडच सुरू करायला सांगा आणि कान द्या. खडखड थोड्या वेळात थांबली नाही, तर साखळीचा संशय घ्या. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये एकदम ॲक्सिलरेटर दाबा: फेऱ्या वाढल्या आणि वेग वाढला नाही, तर क्लच संपत आलाय. गिअरबॉक्समधून हूं-हूं आवाज येतोय का, तेही ऐका. चारी टायर वेगवेगळ्या स्वस्त बनावटीचे असतील, तर मालकाने बाकीची निगा कशी राखली असेल, ते समजून जा.

लॉगबुक बघा, पण त्यावर नाव असतं ते नोंदणीकृत वापरकर्त्याचं. तो मालकीचा पुरावा नाही. गाडीवर कर्ज बाकी आहे का, हे थोडे पैसे भरून तपासता येतं. ते पैसे वाचवू नका. डीलरकडून घेतली आणि सदोष निघाली, तर २०१५च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे पहिल्या ३० दिवसांत परत करता येते. खाजगी विक्रेत्याकडून घेताना एवढं संरक्षण नसतं.

आणि आईबाबांनो, एक नाजूक गोष्ट. तरुण ड्रायव्हर आणि स्पोर्ट गाडी म्हटलं की विमा महाग येतो. मग घरात कुणीतरी सुचवतं, “बाबांना मुख्य ड्रायव्हर दाखवू, हिचं नाव जोडू.” गाडी रोज मुलगी चालवणार असेल, तर ही विम्याची फसवणूक होते. अपघाताच्या दिवशी दावा नाकारला जाऊ शकतो. गाडी आवडण्याआधी तिच्या खऱ्या नावावर विम्याचा भाव काढा. आधीच्या मालकाने सायलेन्सर, स्प्रिंग असं काही बदललं असेल, तर तेही विमा कंपनीला सांगा.

तर ताई, आमचं मत असं: वरची तपासणी नीट पार पडली, तर पावत्यांची १ लाख १० हजारवाली बरी. पण खिशातले सगळे पैसे गाडीतच घालू नका. क्लच, ब्रेक, सस्पेन्शनचे रबर ही कामं या वयात निघणारच, त्यासाठी वेगळी रक्कम ठेवा. विकत घेण्याआधी एखाद्या स्वतंत्र मेकॅनिकला दाखवा. तो नको म्हणाला, तर लेकीचा रंग कितीही आवडता असो, उठून घरी या. पहाटे पाळी संपवून ती एकटी परतणार आहे; गाडीने तिला रोज घरी आणलं पाहिजे, एवढंच बघायचं.

तुमचे प्रश्न असेच पाठवत राहा. भेटू पुढच्या भागात. तोवर सांभाळून चालवा!