मालवणच्या वाऱ्यात स्वस्त ट्रायपॉड

स्वस्त ट्रायपॉड मोबाइलसाठी किंवा घरातल्या फोटोंसाठी पुरतो. तेवढ्यासाठी जास्त पैसे घालवण्यात अर्थ नाही. मालवणच्या किनाऱ्यावर मात्र त्याचा कस लागतो. १६६४ साली बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग किल्ला तिन्हीसांजेला टिपायचा तर शटर सेकंदभर उघडे ठेवावे लागते, आणि वाऱ्याने बारीक पाय थरथरले की तटबंदी पुसट येते. मधला दांडा खाली ठेवून त्याला जड पिशवी अडकवली तर फरक पडतो; पिशवी झुलू लागली तर उलटेच. जवळच्या तारकर्लीची वाळू पायांच्या पकडीत शिरते, खारे पाणी स्क्रू गंजवते. म्हणून गोड्या पाण्याने धुऊन, सुकवूनच पाय मिटावेत. जड लेन्सखाली प्लॅस्टिकचे डोके हळूहळू झुकते, त्याला इलाज नाही. तिथे जुना पण दणकट ट्रायपॉड घेतलेला बरा.